परदेशी शाळेशी भागीदारी आणि आपल्या शाळेतील निर्णय

वाचकाचे पत्र

मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी अनुदानित माध्यमिक शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. यंदा आमच्या शाळेची जर्मनीतील लोअर सॅक्सनी राज्यातल्या एका शाळेशी भागीदारी झाली असून ‘लोकशाही आणि आपण’ हा विषय ठरला आहे. आतापर्यंत नववीच्या मुलांच्या दोन ऑनलाइन भेटी झाल्या. आमच्या मुलांनी लेझीम दाखवले, आकाशकंदील करून दाखवले. दुसऱ्या भेटीत तिकडच्या एका मुलाने विचारले, “तुमच्या शाळेत निर्णय कोण घेते?” आमची सगळी मुले माझ्याकडे पाहू लागली. मग एक मुलगी म्हणाली, “जादा तास सुटेपर्यंत आमच्या वाडीची शेवटची गाडी गेलेली असते. हे कोणाला सांगायचे ते आम्हांला माहीत नाही.” भेट संपल्यावर मुख्याध्यापकांनी मला समज दिली की परक्यांपुढे घरचे उणे काढायचे नसते. काही पालकांना शाळेत राजकारण नको आहे. पुढच्या वर्षी आठ मुलांना जर्मनीला नेण्याचा विचार चालू आहे, मात्र खर्च पालकांनी करायचा आहे. या सगळ्यातून मुलांना लोकशाही कशी शिकवावी, याविषयी मार्गदर्शन करावे.

— एक शिक्षिका

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्या मुलीचे उत्तर, आणि आपल्या भागीदारीचे खरे काम तिथूनच सुरू झाले असे मी मानतो. आपल्या रोजच्या अडचणीमागे कोणाचा तरी निर्णय असतो आणि तो घेणाऱ्यापर्यंत आपल्याला पोहोचता आले पाहिजे, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या मनात आले, यात नागरिकशास्त्राचे अर्धे पुस्तक आले. म्हणून माझा सल्ला आधीच सांगतो. या भेटींमध्ये ‘आमच्याकडे हे कोण ठरवते आणि तुमच्याकडे कोण ठरवते’ या प्रश्नाला मध्यभागी आणा, आणि त्याआधी आपल्या शाळेत मुलांच्या हाती ठरवण्याजोगे काही तरी खरोखर सोपवा. लेझीम आणि आकाशकंदील यांत काहीही चूक नाही. ओळख अशीच होते आणि मुलांची भीड चेपते. पण दोन भेटी त्यासाठी पुरेशा आहेत.

शाळेत ठरवण्याजोगे काही सोपवायचे म्हणजे काय, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे. आपल्याकडे बहुतेक शाळांत विद्यार्थी मंत्रिमंडळ असते. त्यात पंतप्रधान असतो, आरोग्यमंत्री असतो, स्वच्छतामंत्री असतो. फक्त आरोग्यमंत्र्याने नखे तपासायची, स्वच्छतामंत्र्याने कागद उचलून घ्यायचे आणि पंतप्रधानाने प्रार्थनेच्या वेळी पुढे उभे राहायचे, एवढेच त्यांचे काम असते. वर्गाचा मॉनिटर गुणांवरून किंवा उंचीवरून शिक्षकच नेमतात. मुलांना पदे मिळतात, पण अधिकार मिळत नाहीत, आणि ज्याला अधिकार नाही त्याला जाबही विचारता येत नाही. अशा मंत्रिमंडळातून मुले एकच धडा घेतात, की निवडून आलेला माणूस वरून आलेले काम खाली सांगतो. हा धडा लोकशाहीच्या नेमका विरुद्ध आहे.

म्हणून या सत्रात नववीच्या वर्गात गुप्त मतदानाने दोन प्रतिनिधी निवडा, त्यांतली एक मुलगी असावी. मतदानाआधी उमेदवारांना पाच-पाच मिनिटे बोलू द्या आणि वर्गाला प्रश्न विचारू द्या. त्यानंतर त्यांच्याकडे एखादी मर्यादित पण खरी बाब सोपवा. क्रीडासाहित्याची यादी कोणत्या क्रमाने घ्यायची, ग्रंथालयाचा तास कसा वापरायचा, स्नेहसंमेलनात कोणाला संधी मिळावी याचे निकष काय असावेत, यांपैकी काहीही चालेल. महिन्यातून एकदा अर्धा तास प्रश्नोत्तरांचा ठेवा आणि त्यात निवडून न आलेल्या मुलांना बोलण्याचा पहिला हक्क द्या. एक अट मात्र मुख्याध्यापकांकडून आधीच मान्य करून घ्या: मुलांचा निर्णय फेटाळायचा असेल तर तो कारण देऊन, लेखी फेटाळावा. नकार मिळाला तरी कारण मिळते, आणि कारणावर पुढे बोलता येते, हे एवढ्या वयात कळले तर पुढे सरकारी कचेरीच्या दारात ही मुले गोंधळत नाहीत. नकारासाठी कारण मागण्याची सवय मला स्वतःला मतदानाच्या सवयीइतकीच महत्त्वाची वाटते, कारण मत पाच वर्षांतून एकदा द्यायचे असते आणि नकार रोज मिळत असतात.

आता तिकडच्या मुलाने तो प्रश्न का विचारला ते पाहा. लोअर सॅक्सनीत प्रत्येक शाळेचे एक मंडळ असते आणि शाळेच्या कारभारातील अनेक ठराव तिथे होतात. सर्वसाधारण शाळांत त्यातील निम्म्या जागा शिक्षकांच्या असतात आणि उरलेल्या निम्म्या पालक आणि विद्यार्थी यांच्यात सारख्या वाटलेल्या असतात. शिवाय त्या राज्यात १९९६ पासून स्थानिक निवडणुकांत सोळाव्या वर्षी मतदान करता येते, आणि २०२४ च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत जर्मनीभर सोळा वर्षांच्या मुलांनी मतदान केले. त्यामुळे त्या मुलाला निर्णयाचा प्रश्न परीक्षेपुरता नाही. वर्षा-दोन वर्षांत तो मतपत्रिका हातात घेणार आहे. आपल्याकडे मतदानाचे वय एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने एकवीसवरून अठरावर आले, ते १९८९ पासून. आपल्या मुलांनी हे अंतर समजून घ्यावे आणि त्यावर वादही करावा. सोळाव्या वर्षी मत मिळावे की नाही, यावर दोन्ही वर्गांत दोन्ही बाजूंनी बोलणारी मुले निघतील.

पण इथे एक सावधगिरी बाळगावी. तिकडची शाळा गुरू आणि आपली शाळा शिष्य, असे चित्र उभे राहू देऊ नका. आपल्या व्यवस्थेतही सांगण्यासारखे पुष्कळ आहे, फक्त ते मुलांना कोणी दाखवलेले नसते. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि समितीत निम्म्या महिला असाव्यात असे ठरवले आहे. आपल्या गावात ग्रामसभा भरते आणि तिथे गावातील प्रत्येक मतदार थेट बोलू शकतो. निवडून दिलेल्या प्रतिनिधीच्या मार्फत जावे लागत नाही. जर्मन मुलांना ही गोष्ट नक्कीच कुतूहलाची वाटेल. दहा रुपये भरून कोणत्याही सरकारी कार्यालयाला माहिती मागता येते आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते, हेही त्यांना सांगावे. मुलांचे म्हणणे ऐकले जावे, हा हक्क देणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारत आणि जर्मनी या दोघांनीही १९९२ मध्येच स्वीकारला. तेव्हा दोन्ही वर्ग एकाच कराराखाली बसलेले आहेत, आणि कोणाकडे तो किती पाळला जातो हा दोघांनीही तपासायचा प्रश्न आहे.

त्या मुलीने काढलेला विषयच पुढच्या दोन-तीन महिन्यांसाठी घ्या, असे मी आग्रहाने सुचवतो. घरी वेळेवर कसे पोहोचायचे ही जर्मन खेड्यांतल्या मुलांचीही अडचण असते, कारण तिथेही लहान गावांतली मुले मोठ्या गावच्या शाळेत बसने येतात. दोन्ही वर्गांनी आपापल्या ठिकाणी एकच शोध घ्यावा. मुलांच्या शाळेत येण्याजाण्याच्या गाडीची वेळ कोण ठरवते, त्याला कोणी नेमले किंवा निवडले, आणि त्याच्यापर्यंत कसे जाता येते? तिकडे विद्यार्थ्यांच्या वाहतुकीची जबाबदारी सामान्यतः जिल्ह्याच्या प्रशासनाकडे असते आणि जिल्ह्याचे सभागृह लोकांनी निवडलेले असते. इकडे मुलांना एसटीच्या आगारात जावे लागेल, आगार व्यवस्थापकांना भेटावे लागेल. त्या आधी त्यांनी आठवडाभर वहीत नोंद ठेवावी: कोणत्या वाडीची किती मुले, तास किती वाजता सुटतो, गाडी किती वाजता निघते, पुढची गाडी आहे का, नसेल तर मुले कशी जातात, कोणत्या मुलींना याच कारणाने जादा तास सोडावा लागतो.

ही नोंद करताना मुलांच्या एक गोष्ट लक्षात येईल, आणि ती आपण त्यांना आधी सांगू नये. गाडीची वेळ आगार ठरवते, पण जादा तासाची वेळ शाळा ठरवते. म्हणजे निर्णय एक नसून दोन आहेत आणि त्यांतला एक अगदी जवळचा आहे. कदाचित सगळा प्रश्न जादा तास सकाळी घेतल्याने सुटेल. मग गावातच राहणारी मुले म्हणतील की सकाळी आम्हांला शिकवणी असते. इथे दोन रास्त गरजांचा वाद उभा राहील आणि मुलांना तो स्वतः सोडवावा लागेल: मतदान घ्यायचे, तर वाडीवरची मुले संख्येने कमी आहेत, त्यांचे काय? बहुमताने ठरलेला निर्णय अल्पसंख्याकांवर अन्याय करू शकतो, ही गोष्ट पुस्तकातून शिकवायला आपल्याला फार कष्ट पडतात. इथे ती वर्गातल्या ओळखीच्या चेहऱ्यांमधून समजते. मुले ज्या निर्णयाला येतील तो त्यांनी कारणांसह जर्मन मुलांना लिहून पाठवावा आणि त्यांनी त्यावर शंका काढाव्यात. परक्या मुलांचा खरा उपयोग इथे होतो. आपल्यात जे ‘असेच असते’ म्हणून चालून जाते, त्यावर दूरचा मित्र ‘असे का?’ म्हणून विचारतो, आणि उत्तर देण्यासाठी आपल्यालाही विचार करावा लागतो.

मुख्याध्यापकांची काळजी मला समजते आणि आपण ती हसण्यावारी नेऊ नये. परदेशी पाहुण्यांसमोर गरिबीचे प्रदर्शन झाले, की समोरच्याच्या नजरेत दया येते आणि मग बरोबरीचे नाते राहत नाही. म्हणून त्यांना दोन गोष्टींची हमी द्या. पहिली, आपली मुले अडचण सांगतील तेव्हा ती सोडवण्यासाठी स्वतः काय करत आहेत तेही सांगतील. दुसरी, या भागीदारीत आपण कोणतीही देणगी, वस्तू किंवा मदत घेणार नाही. तिकडून संगणक किंवा दप्तरे देण्याची तयारी दाखवली गेली, तर आभार मानून नकार द्यावा, कारण देणारा आणि घेणारा असे नाते जुळल्यावर घेणारी मुले मोकळेपणी प्रश्न विचारत नाहीत. त्याच वेळी, त्यांच्या अडचणी ऐकण्याचीही व्यवस्था करा. उणे दोघांनीही मांडले म्हणजे ते कोणा एकाचे राहत नाही.

जर्मन मुले कधी तरी जातीविषयी विचारणारच, आणि आपली मुले हिटलरविषयी. दोन्ही प्रश्न योग्य आहेत, पण ते समोरच्यावर बोट रोखून विचारले जाऊ नयेत. प्रत्येकाने आधी आपल्या देशाच्या जखमेविषयी बोलावे, हा नियम करा. लोअर सॅक्सनीतच बेर्गन-बेल्झन येथे नाझींची छळछावणी होती आणि आज तिथे स्मारक आहे. जर्मन शाळांतली मुले अशा स्मारकांना भेट देतात, आपल्या गावातून नेल्या गेलेल्या ज्यू कुटुंबांची माहिती शोधतात. आपल्या मुलांनी महाडविषयी सांगावे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि सार्वजनिक पाण्यावरचा आपला हक्क त्यांनी पाणी पिऊन बजावला. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने त्याआधीच केलेला होता, हा तपशील मुलांना अवश्य सांगा. ठराव कागदावर होता, तो अमलात आणायला माणसांना चालत जावे लागले. महाडची गोष्ट सांगून झाल्यावर आपल्या वर्गात आज कोण कोणाच्या शेजारी बसते, ऑनलाइन भेटीत कोणाला बोलायला पुढे केले जाते आणि खुर्च्या कोण लावते, याकडे आपण शिक्षिका म्हणून शांतपणे पाहावे आणि गरज असेल तिथे बदल करावा.

एक विषय मी खास आपल्यासाठी सुचवतो, कारण तो राज्यशास्त्राच्या शिक्षकाला आनंद देणारा आहे. जर्मनीची राज्यघटना मे १९४९ मध्ये अमलात आली आणि आपली त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला स्वीकारली गेली. जर्मन घटनेने मानवी प्रतिष्ठेसारखी काही मूलतत्त्वे घटनादुरुस्तीनेही बदलता येणार नाहीत असे ठरवून ठेवले, कारण हिटलरने कायद्याचाच आधार घेऊन लोकशाही मोडली होती. आपल्या घटनेत असे कलम नव्हते. डीट्रिश कोनराड या जर्मन विधिज्ञांनी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा असतात अशा आशयाचे व्याख्यान दिले. हा विचार पुढे भारतीय वकिलांनी न्यायालयात मांडला, आणि १९७३ च्या केशवानंद भारती निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही असे सांगितले. दोन देशांमधला हा दुवा दोन्हीकडच्या मुलांना माहीत नसण्याचीच शक्यता जास्त. उद्देशिका आपली मुले रोज परिपाठात म्हणतात. जर्मन घटनेचे पहिले कलम तिच्याशेजारी ठेवून दोन्ही वर्गांना एक सायंकाळ विचार करायला द्या.

शाळेत राजकारण नको, असे म्हणणाऱ्या पालकांना टाळू नका, त्यांना बोलवा. पक्षाचा प्रचार नको असे त्यांना म्हणायचे असेल तर ते बरोबरच आहेत. जर्मनीत याच प्रश्नावर १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख या गावी शिक्षणतज्ज्ञांची चर्चा झाली आणि तिच्यातून निघालेली तीन तत्त्वे तिथले शिक्षक आजही मानतात. शिक्षकाने आपले मत मुलांवर लादू नये. समाजात ज्यावर वाद आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे. आणि विद्यार्थ्याला परिस्थितीत आपले हित कशात आहे ते ओळखून तिच्यावर प्रभाव टाकता यावा. ही तत्त्वे मराठीत लिहून वर्गाच्या भिंतीवर लावा आणि पालकसभेत वाचून दाखवा. पालकांना आपण असे वचन देऊ शकता की वर्गातून बाहेर पडताना कोणत्याही मुलाला आपल्या बाई कोणाला मत देतात हे कळलेले नसेल. मात्र माणसाची प्रतिष्ठा, समता, बंधुता ही घटनेची मूल्ये वादासाठी खुली ठेवलेली दोन मते नाहीत, तिथे शिक्षकाने तटस्थ राहू नये, हेही त्यांना स्पष्ट सांगा. घटनात्मक नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सांगितले होते. जोपासण्यासाठी शाळेहून योग्य जागा कोणती?

भाषेची अडचण आपण पत्रात लिहिलेली नाही, पण ती असणार. प्रत्येक विषयाची चर्चा आधी मराठीत, पूर्ण मोकळेपणी होऊ द्या. इंग्रजीत काय सांगायचे ते नंतर ठरवा. इंग्रजी चांगले असलेली तीन-चार मुले सगळ्या वर्गाचे तोंड बनतात आणि बाकीची प्रेक्षक होतात, हे टाळण्यासाठी बोलण्याची पाळी लावा आणि दुभाषाचे काम वेगळ्या मुलांना द्या. इंग्रजी जर्मन मुलांचीही मातृभाषा नाही, हे सांगितल्यावर आपल्या मुलांचा संकोच बराच कमी होईल.

परदेश प्रवासाचा विचार सध्या बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्या पालकांना खर्च झेपतो तीच आठ मुले गेली, तर लोकशाही या विषयाच्या नावाखाली आपण वर्गाला पैशाची किंमत शिकवू. खर्च संस्थेने किंवा एखाद्या शिष्यवृत्तीने उचलला आणि इच्छुक मुलांतून निवड सर्वांसमोर ठरलेल्या निकषांनी झाली, तरच जावे. तोपर्यंत पडद्यावरच्या भेटी पुरेशा आहेत. शिवाय साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली ती आपल्याच देशातल्या माणसांनी एकमेकांना ओळखावे म्हणून. कर्नाटकातील किंवा बंगालमधील एखाद्या शाळेशी हाच उपक्रम करून पाहायला फार खर्च येत नाही, आणि जर्मन शाळेने पुढे हात आखडता घेतला तरी काम चालू राहते.

राहिल्या व्यवहाराच्या गोष्टी. मुलांचे चेहरे, नावे आणि ध्वनिमुद्रण बाहेर जाणार असल्याने पालकांची लेखी संमती घ्या, आणि भेटीचे चित्रण समाजमाध्यमांवर टाकू नका. मुले मोकळेपणी बोलावीत असे वाटत असेल तर त्यांचे बोलणे वर्गातच राहील याची त्यांना खात्री हवी. भेटींच्या वेळी घड्याळाकडे लक्ष द्या: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, एरवी साडेतीन तास. हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे आठ, म्हणजे ही वेळ दोघांनाही शाळेच्या तासांतच सापडते. आपली नववीची मुले पुढच्या वर्षी दहावीत जातील आणि त्यांना यासाठी वेळ उरणार नाही, म्हणून आताच आठवीतील चार-पाच मुलांना प्रत्येक भेटीला बसवा, गाडीच्या नोंदीची वही त्यांना वाचू द्या, आणि जूनमध्ये नवे प्रतिनिधी निवडले जातील तेव्हा जुन्यांनी काय केले व काय राहून गेले याचा लेखी हिशेब त्यांच्या हाती सोपवायला लावा.